वास न येणाऱ्यांची निवड

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
१९ जानेवारी २०२५

संजीवनी मॅडम,

तुमचा नवा पत्ता मी कॉलेजच्या ऑफिसातून खोटं बोलून मिळवला. म्हटलं, मॅडमची लॅबमध्ये राहिलेली पुस्तकं पाठवायचीत. व्हॉट्सॲपवर तुम्ही माझे मेसेज वाचता आणि सोडून देता, म्हणून कागद घेतला. हा तुम्ही वाचलात की फाडलात, ते मला निदान दिसणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर तुमच्या टेबलावर देवदत्त सरांची बॅग. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, गाइड तुम्ही, विषय तुम्ही दिलेला, आणि तुम्ही गेल्याचं मला नोटीस बोर्डाने सांगितलं. 'डॉ. देवदत्त यांच्याकडे वर्ग केलेले विद्यार्थी' म्हणून दोनच नावं, सुजितचं आणि माझं. वडोदऱ्याला चांगली जागा मिळाली असं कळलं. अभिनंदन करायला हवं. जीभ वळत नाही.

मी तुमच्या लॅबमध्ये कशी आले ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. जिल्ह्याच्या कबड्डीच्या निवडीत सगळ्यात जास्त गडी मी मारले होते. निवड समितीवर आमचेच नाथाकाका होते, बाबांबरोबर खेळलेले, आमच्या गल्लीतले. त्यांनी घेतलं ते ज्या मुलीच्या वडलांनी स्पर्धेला मैदान आणि मंडप दिला होता तिला. मी सोललेल्या गुडघ्यांनी प्रॅक्टिकलला आले आणि तुम्ही विचारलंत, काय झालं? सगळं ऐकून म्हणालात, "तिकडे निवडणारा माणूस असतो, जिज्ञासा. इकडे ये. इकडे बाटलीत जे असेल तेच आकड्यात येतं." त्या एका वाक्यावर मी बूट काढून ठेवले. घरी आई दोन दिवस बोलली नाही, तिला माझं खेळणं आवडायचं.

आता नवा विषय ऐका. सरांनी माझा पाण्याचा विषय बंद केला. आमच्या पालेगावच्या कडेला नाल्याला लागून टॉवरची स्कीम होतेय. बिल्डर बाहेरचा, इथला भागीदार आपले नाथाकाकाच. तिथे फ्लॅट बघायला येणारे लोक नाकाला रुमाल लावून परत जातात, म्हणून बिल्डरने कॉलेजला काम दिलंय, हवेच्या वासाची शास्त्रीय पाहणी. माणसांचं एक पॅनेल बसवायचं, त्यांनी हवा हुंगून वासाला शून्य ते पाच आकडा द्यायचा. पॅनेलसाठी माणसं तपासण्याचं काम माझ्याकडे आलंय.

खरं सांगू, काम मला आवडलं. तीन बाटल्या. दोनात साधं पाणी, एकात थेंबभर ब्युटेनॉल. वासाची कोणती ते ओळखायचं. दर वेळी बाटल्या बदलायच्या. जो ओळखेल त्याचं नाक चांगलं, तो पॅनेलवर. बुवापाड्याची अंजनी आली होती, माझ्या कबड्डीच्या टीममधली, लग्न झालंय आता, चौथा महिना चालू आहे. बाटलीचं झाकण पूर्ण निघायच्या आत ओरडली, "शी! स्केचपेनचा वास!" दहापैकी दहा वेळा.

बाबाही आले होते, नाथाकाकांनी पाठवले म्हणून. इस्त्रीचा शर्ट घालून. ते कामाला होते ती रंग बनवणारी डाय कंपनी बंद पडल्यापासून त्यांना कुणी कुठे बोलावत नाही. प्रत्येक बाटली त्यांनी चहाचा कप धरावा तशी दोन्ही हातांत धरली. एकदाही बरोबर आलं नाही. शेवटी चिडले, "तुझ्या बाटल्यान कायच नाय." मी म्हटलं, बाबा, झालं, तुम्ही घरी जा. तपासणीला आलेल्यांसाठी ठेवलेलं जेवण न घेता चालत गेले.

तुम्ही असता तर बापाची तपासणी मुलीने करू नये, असा नियम आधीच केला असतात.

जिज्ञासा


९ फेब्रुवारी २०२५

मॅडम,

उत्तर नाही. ठीक आहे.

त्या दिवसानंतर एका संध्याकाळी बाबा दारातूनच ओरडत आले, "नाथाचा फोन आलता! मना सिलेक्ट केलाय. तू नापास केलंस, पन मोठ्या सरान पास केला!" मला वाटलं, नावांची गल्लत झाली. सरांना मेसेज टाकला. सरांनी अंगठा पाठवला.

काल पाहणी होती. नाल्याच्या काठावर मंडप, रांगेत खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, बिल्डरचं नाव छापलेल्या पांढऱ्या टोप्या. टेम्पोतून पॅनेल उतरायला लागलं आणि मी एकेक चेहरा ओळखत गेले. ज्यांना मी परत पाठवलं होतं तेच सगळे. करोनानंतर ज्यांचं नाक गेलं त्या शेजारच्या काकू. बाबांबरोबर डाय कंपनीत असलेले तिघे. जन्मभर तपकीर ओढलेले एक आजोबा. ज्यांनी बाटली ओळखली होती त्यांपैकी एकही नाही, अंजनी नाही, कुणी नाही. सगळ्यात शेवटी बाबा उतरले. टोपी त्यांनी घरूनच घातली होती.

काल नाला जांभळा होता. वर फेस, फेसात कोंबडीची पिसं. सडलेली अंडी, जळलेला रबर आणि त्यावर काहीतरी गोड, ते गोडच सगळ्यात वाईट. ओढणी दोनदा गुंडाळूनही माझ्या घशाशी येत होतं. सुजित माझ्या शेजारी पेन घेऊन उभा होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी. आणि समोर ही माणसं वाऱ्याकडे तोंड करून छाती भरून श्वास घेत होती, योगासनं करावीत तशी.

"शून्य."

"शून्य."

"शून्य लिव, पोरी."

काकू म्हणाल्या, "किती मोकळी हवा आहे इथे!" देवदत्त सर गाडीत काचा वर करून बसले होते. मी काचेवर टकटक केली. त्यांनी बोटभर काच खाली केली.

"सर, ही चुकीची माणसं आहेत. यांना वास येत नाही."

"पॅनेलमध्ये काय महत्त्वाचं असतं, जिज्ञासा? सातत्य. यांची उत्तरं बघ. दर वेळी सारखी येतात." आणि काच वर.

मला वाटलं ते हसतील तरी. हसले नाहीत. त्यांना ते खरंच पटलं होतं, किंवा पटवून घ्यायची सवय इतकी जुनी होती की फरक उरला नव्हता.

मग नाश्ता आला. कांदाभजी. त्या काठावर, त्या पिसांपासून पाच पावलांवर, सगळ्यांनी प्लेटी मांडीवर घेऊन खाल्लं. बाबांनी दुसरी प्लेट मागितली, बोटं चाटली, आणि मला खुणेने बोलावलं, ये, खा. मॅडम, मी माझ्या वडलांकडे बघितलं आणि मला शिसारी आली. ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली त्या माणसाची शिसारी.

सुजित परत जाताना म्हणाला, "यार, मला विषयाशी काही घेणं नाही, मला सही पाहिजे." बदलापूरला त्याच्या घरी पैशाची किती ओढ आहे ते मला माहीत आहे.

जिज्ञासा


२ मार्च २०२५

मॅडम,

आता मला कळलंय तुम्ही का गेलात.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले, म्हटलं, अहवालावर माझं नाव नको आणि माझ्या प्रबंधात मी तपासणी जशी झाली तशी लिहिणार, कोण ओळखू शकलं, कोण नाही, आणि कुणाला बसवलं. सर शांतपणे म्हणाले, "हे काम आधी संजीवनी मॅडमकडे आलं होतं. माणसं कशी निवडायची आहेत ते त्यांना समजावून सांगितलं. त्या समंजस. वाद नाही, आवाज नाही. अनुभवाचा दाखला घेतला आणि गेल्या. तुलाही जायचं असेल तर जा."

मी बाहेर आले आणि जिन्यात बसले.

म्हणजे दिवाळीआधीच तुम्हाला माहीत होतं. माझी फाइल तुम्ही स्वतःच्या हाताने त्या टेबलावर ठेवलीत. तुम्ही नाही म्हणालात, हे खरं, पण इतक्या हळू आवाजात की ते फक्त देवदत्त सरांना ऐकू गेलं. दाखला चांगला लिहून मिळावा म्हणून? वडोदऱ्याची मुलाखत तोंडावर होती म्हणून? नाथाकाकांनी मला डावललं ते मैदान आणि मंडपासाठी. तुम्ही कशासाठी? काकांचा मला राग आला होता. तुमची किळस येते. ती जात नाहीये, साबणाने हात धुवूनही कोळंबीचा वास जाऊ नये तशी.

पालेगावच्या नाक्यावर होर्डिंग लागलंय. मधोमध बाबा, पांढरी टोपी, डोळे मिटलेले, दीर्घ श्वास घेतायत. खाली लिहिलंय, 'इथल्या मातीतल्या माणसाने पारखलेली हवा. शास्त्रीय पाहणी, वास शून्य.' आणि कॉलेजचं नाव. रोज संध्याकाळी बाबा तिथे जाऊन उभे राहतात. येणारे-जाणारे फोटो काढतात. नाथाकाकांनी गावकीच्या सभेत त्यांना हार घातला.

मी ठरवलं होतं की त्यांना सांगायचं नाही. मग परवा जेवताना ते आईला म्हणाले, "आता दुसऱ्या स्कीमवर पन मनाच नेनार हायत, नाक चांगला हाय म्हनून." आणि माझ्या तोंडून गेलं.

"बाबा, नाक चांगलं आहे म्हणून नाही नेलं. तुम्हाला वास येत नाही म्हणून नेलं."

आई ताटात बघत राहिली. बाबांनी घास पूर्ण चावला.

"मना काय येरा समजतंस? माहीत हाय मना. कंपनी सुटायच्या आधीपासून वास येत नाय."

"मग तुम्ही शून्य का सांगितलं?"

"शून्यच येतो मना, दुसरा काय सांगू?" मग आवाज चढला. "कंपनीन होतू तवा कवा कोनी खुर्ची दिली नाय. डोल्यांशी धूर आला तरी कोनी विचारला नाय, 'जनू, कसा हायेस?' यांनी खुर्ची दिली, नाव घेऊन बोलावला. मी कशाला नाय बोलू?"

"तिथे माणसं घरं घेतायत, बाबा. तुमचा फोटो बघून."

"त्यांना नाकां नायत काय?" म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आईने भांडी घासताना सांगितलं, तिला पहिल्यापासून माहीत होतं. ती साबण बदलते, बाबांना कळत नाही. म्हणून घरात दिवसभर धूप जाळते, निदान तिला तरी नाला येऊ नये. "त्याना सांगून काय करू? लाज वाटंल त्याना," म्हणाली.

आमच्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. कॉलेजात पण. फक्त मीच बाटल्या हलवत बसले होते.

जिज्ञासा


३० मार्च २०२५

मॅडम,

तुम्ही वाचत नसाल तरी मला आता थांबता येत नाही.

मागच्या आठवड्यात अंजनीचा फोन आला. तिने आणि तिच्या नवऱ्याने त्याच स्कीममध्ये टोकन दिलंय. बाळ यायच्या आत बुवापाड्याची खोली सोडायची आहे. साइटवर ते एकदा गेले होते, तेव्हा तंबूत पंखे आणि अत्तर होतं. म्हणाली, "तुझ्या कॉलेजचं नाव आहे, तुझे बाबा आहेत, म्हणून डोळे मिटून दिलं." मग म्हणाली, "पण जिगू, एक सांग. मला तर सगळ्या बाटल्या ओळखता आल्या होत्या. मला का नाही बोलावलं?"

हा प्रश्न मला सरांनी विचारला नाही, विद्यापीठाने विचारला नाही, तुम्ही तर नाहीच. मी तिच्या घरी गेले आणि दारातच सगळं सांगितलं. बाबांचंही सांगितलं. तेव्हा मला माहीत होतं की हे तिच्यापाशी राहणार नाही. तिचं पोट आता चांगलंच पुढे आलंय. ते बघितल्यावर बाबांना वाचवायचं की नाही, हा विचार मनात उरलाच नाही.

अंजनीने शिव्या दिल्या, मला नाही, सगळ्यांना. नंतर म्हणाली, "तू ज्यांना पास केलं होतंस त्यांचे नंबर आहेत ना?"

रविवारी साइटवर गिऱ्हाइकांची गर्दी असते. अंजनी सहा-सात बायका घेऊन आली, त्यात दोघी आमच्या जुन्या टीमच्या. मी मागे होते. त्यांनी तंबूतल्या खुर्च्या सरळ उचलल्या आणि नाल्याच्या काठावर नेऊन रांगेत मांडल्या. नाथाकाका धावत आले.

"ओ, काय चाललाय? खुर्च्या कोनी दिल्या?"

"पॅनेल आहे, काका," अंजनी म्हणाली. "आमची निवड झाली होती. तुम्ही बोलवायला विसरलात."

मग एकेकीने श्वास घेतला आणि मोठ्याने आकडा सांगितला, कबड्डीत गुण पुकारतात तसा. "पाच!" "पाच!" "पाच!" तंबूतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. अंजनीची पाळी आली. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं आणि आकड्याऐवजी ओकारी झाली. हिरवळीचा नवा गालिचा अंथरला होता त्यावर, नाथाकाकांच्या बुटांपाशी. तिचा नवरा पाणी घेऊन धावला. एक म्हातारे गृहस्थ बायकोला म्हणाले, "चल, चल, बसमध्ये बस," आणि त्यांच्या मागून बरेच जण निघाले.

मी हसले, मॅडम. किती महिन्यांनी. मग घरी आले.

नाथाकाका संध्याकाळी आले. आत आलेच नाहीत, ओट्यावरून बोलले. "जनू, तुझ्या पोरीने तुझाच नाक कापला. आता सगल्यांना म्हाईत झालाय का तुला वास येत नाय." दुसऱ्या दिवशी नाक्यावर पोरं होर्डिंगखाली उभी राहून त्यांना हाका मारत होती, "जनूकाका, वास येतोय का? शून्य का पाच?" बाबा रस्ता बदलून घरी आले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मी खोलीत आले की उठून जातात.

तुम्हाला वाटेल शेवट बरा झाला. आज रविवार, आणि तंबू पुन्हा भरला होता. बुकिंग चालू आहे. वाऱ्याच्या दिशेचा विचार करून तंबू फक्त रस्त्याच्या बाजूला हलवलाय. अंजनीला टोकन परत मिळायचंय, ती फेऱ्या मारतेय.

जिज्ञासा


११ मे २०२५

मॅडम,

तुमचं पाकीट मिळालं. चार पत्रांना दोन ओळी, त्याही टाइप केलेल्या. 'तू हुशार आहेस, या भानगडीत अडकू नकोस. दुसऱ्या कॉलेजात प्रवेशासाठी शिफारसपत्र जोडले आहे.'

शिफारसपत्र मी तीनदा वाचलं. त्यात माझी शिस्त आहे, मेहनत आहे, प्रयोगातली अचूकता आहे. वासाच्या पाहणीबद्दल एक शब्द नाही, देवदत्त सरांबद्दल नाही, तुम्ही का गेलात त्याबद्दल नाही. जणू तुम्ही त्या गावच्याच नाही. मी तुमच्याकडे शिफारस मागितली नव्हती. विद्यापीठाला दोन ओळी लिहा, की हे काम कसं करायचं ते तुम्हाला आधीच सांगण्यात आलं होतं, एवढं मी मनात मागत होते. पत्रात मागितलं नाही, कारण मला बघायचं होतं तुम्ही आपणहून लिहिता का.

ते शिफारसपत्र याच पाकिटात परत पाठवतेय. फाडलेलं नाही. तुम्हाला दुसऱ्या कुणासाठी नाव बदलून वापरता येईल.

माझ्या प्रबंधावर सरांनी सही केली नाही. वर्ष गेलं. सुजितला सही मिळाली, बिल्डरच्या लॅबमध्ये नोकरीही लागली. पेढे घेऊन आला होता, दारातच उभा राहिला, मी पेढा घेतला. मी स्वतः विद्यापीठाला लिहिलंय, तपासणी कशी झाली, कोण बसलं, सगळं. पोच आली आहे, उत्तर नाही. जूनमध्ये कल्याणच्या कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. विषय मीच निवडलाय, हाच नाला. पॅनेलवर कोण बसणार ते मी ठरवणार आणि कसं ठरवलं ते पहिल्या पानावर लिहिणार. तिथल्या मॅडमनी विचारलं, आधीचं कॉलेज का सोडलं? मी पूर्ण सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू. त्या 'बघू'वर विश्वास ठेवावा की नाही, मला आता कळत नाही. माझ्यातलं ते काहीतरी तुम्ही घेऊन गेलात.

एक गोष्ट राहिली. तुम्हाला कशाला सांगते कोण जाणे, पण दुसरं कुणी नाही सांगायला.

काल सकाळी बाबा पिशवी घेऊन माझ्या दाराशी उभे राहिले. दीड महिन्यात पहिल्यांदा. "चल," एवढंच. मासळी बाजारात गेलो. नेहमीच्या कोळिणीने हाक मारली, जनूशेठ, पापलेट बघा. बाबांनी एक उचललं, डोळा बघितला, कल्ला उघडून बघितला, अंगठ्याने दाबलं. सवयीने नाकापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले. आजूबाजूला गावातली माणसं होती, दोघं-तिघं बघत होते. बाबांनी मासा माझ्या नाकासमोर धरला. माझ्याकडे न बघता, कोळिणीकडे बघत, म्हणाले, "बघ गो."

मी वास घेतला.

"नको, बाबा. येतोय."

त्यांनी मासा खाली ठेवला आणि पुढच्या टोपलीकडे वळले.

जिज्ञासा